एका रुपयात आमदाराचा हिशेब!

एक रुपया! खरंच, एकच रुपया! खिशातलं नाणं काढायचं, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जायचं आणि म्हणायचं, ‘आमच्याकडे विधानसभेला उभ्या राहिलेल्या अमुक उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब मला बघायचाय.’ आणि तो बघू द्यावाच लागतो! तुम्ही तिथले मतदार असा, नसा, पत्रकार असा, नाहीतर शेजारच्या जिल्ह्यातून सहज आलेले असा. नियमात ‘कोणतीही व्यक्ती’ असं लिहिलंय. कोणतीही! हे मला कळलं त्याला आता बरेच दिवस झाले, पण अजून कुणाबरोबर चहाला बसले की पाचव्या मिनिटाला मी तिथेच येते. घरच्यांचं ऐकून ऐकून पाठ झालंय. आता तुमची पाळी!

आधीच सांगून टाकते, मी यातली जाणकार नाही. वकील नाही, राज्यशास्त्र कॉलेजात एक वर्ष होतं तेवढंच. मी पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत आहे. सिमेंट, सळई, मोजमाप पुस्तिका, ठेकेदारांची बिलं हे माझं जग. २०२४च्या ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि माझ्या नावाचा आदेश आला: खर्च संनियंत्रण कक्ष, लेखा पथक. मला वाटलं, सुटले! मतदान केंद्रावर मुक्काम नाही, पेट्या नाहीत, एका जागी बसून बेरजा करायच्या. बेरजा तर आपण रोजच करतो!

आणि मग प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी साहेबांनी तीन रंगांची एक नोंदवही टेबलावर ठेवली. पांढरी पानं, गुलाबी पानं, पिवळी पानं. पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोख रक्कम, पिवळ्यावर बँक. प्रत्येक उमेदवाराला ही वही मिळते! म्हणजे तुम्ही टीव्हीवर बघता ते सगळे, मोठे मोठे, ज्यांच्या पुढे-मागे गाड्या धावतात ते, आणि दोनशे मतं मिळणारा अपक्षसुद्धा, सगळ्यांना तीच वही. अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं. एका माणसाला किंवा एका दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून दहा हजारांच्या वर रोख द्यायची नाही. प्रचाराच्या काळात ही वही निदान तीनदा तपासायला आणून दाखवायची. मी मान खाली घालून लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, अरे, हे तर माझंच काम आहे! ही तर कॅशबुक आहे!

१९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं ७७वं कलम म्हणतं की अर्ज भरला त्या दिवसापासून निकाल लागला त्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, केलेल्या सगळ्या खर्चाचा वेगळा आणि खरा हिशेब ठेवायचा. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला मर्यादा ४० लाखांची, लोकसभेला ९५ लाखांची. गोव्यात मतदारसंघ लहान, म्हणून तिथे विधानसभेला २८ लाख आणि लोकसभेला ७५ लाख. हे आकडे २०२२ सालापासूनचे. आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही, कारणही पटण्यासारखं दिलं नाही, तर निवडणूक आयोग त्या माणसाला तीन वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो. तीन वर्षं! एका वहीसाठी!

पण मला खऱ्या अर्थाने वेड लावलं ते दरपत्रकाने. तुम्ही कधी बघितलंय का हो निवडणुकीचं दरपत्रक? बघाच! राजकीय पक्षांना बोलावून, त्यांच्याशी चर्चा करून प्रत्येक जिल्हा आपापलं दरपत्रक ठरवतो. त्यात काय नाही ते विचारा! चहा. अर्धा कप नव्हे, पूर्ण. कॉफी वेगळी. वडापाव, मिसळ, शाकाहारी थाळी, मांसाहारी थाळी. खुर्ची साधी, खुर्ची हातांची, सोफा. मंडप चौरस फुटावर. फेटा. टोपी. गमछा. हलगी, ढोल-ताशा, बँडपथक. रिक्षा, जीप, बस. जनरेटर. झेंडा लहान, झेंडा मोठा. मी रात्री ते घरी नेलं आणि नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग सासूबाई उठून आल्या आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं, आणि मग आम्ही तिघं चाळीस लाखांत किती माणसांना किती दिवस चहा पाजता येईल याचा हिशेब करत बसलो. निवडणूक म्हणजे मला कायम काहीतरी वरचं, दूरचं वाटायचं. आणि इथे ती वडापावापर्यंत खाली उतरून आली होती, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर!

मग चित्रीकरण सुरू झालं. व्हिडिओ पथक प्रत्येक मोठ्या सभेला जातं, आणि कॅमेरा सुरू केला की आधी चित्रीकरण करणारा स्वतःच्या आवाजात सांगतो: कार्यक्रम कोणता, तारीख, ठिकाण, पक्ष, उमेदवाराचं नाव. मग गाड्या किती, खुर्च्या किती, व्यासपीठ केवढं, लाऊडस्पीकर किती, कटआऊट किती. ते सगळं दुसरं पथक बघतं, मोजतं आणि आमच्याकडे पाठवतं. आम्ही ते दरपत्रकाच्या भावाने गुणून एका वेगळ्या वहीत चढवतो. तिला सगळे शॅडो रजिस्टर म्हणतात. सावलीची वही! उमेदवाराची वही एकीकडे, तिची सावली दुसरीकडे. उमेदवार जे लिहितो ते त्याचं, आणि जे दिसलं ते आमचं. दोन्ही शेजारी ठेवायच्या. पहिल्यांदा ठेवल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

एका गावच्या शाळेच्या मैदानातल्या सभेचं चित्रण होतं. त्यातल्या खुर्च्यांच्या आकड्यावर आमच्यातच एकमत होईना. शेवटी मी स्वतः बसले. ऐन दिवाळी, घरी चकल्या तळायच्या राहिलेल्या, आणि मी कार्यालयात संगणकावर चित्र थांबवून, बोट लावून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मोजतेय! एक ओळ, दोन ओळी, मध्ये एक कुत्रं येतं, पुन्हा पहिल्यापासून. १८ ओळी, एका ओळीत २५. म्हणजे ४५०! उमेदवाराच्या वहीत लिहिल्या होत्या ३००. तफावत सापडली की २४ तासांत नोटीस जाते आणि ४८ तासांत उत्तर यावं लागतं. गेली नोटीस, आलं उत्तर: मान्य. साडेचारशे! दीडशे खुर्च्यांचं भाडं म्हणजे काही फार मोठी रक्कम नव्हे, मला माहीत आहे. पण एवढी जाहीर सभा, एवढे झेंडे, एवढी गर्दी, आणि मी बोट लावून मोजलेल्या खुर्च्या कायद्याच्या कागदावर चढल्या! त्या दिवशी मी घरी चालत गेले नाही, उडत गेले.

आणि मग हार आला. तुम्ही बघितलेच असतील ते हार, आपल्याकडे आता तीच पद्धत आहे. क्रेनला लटकवलेला, दोन मजली घराएवढा, आणि बाजूला दोन जेसीबींच्या फावड्यातून फुलांचा पाऊस! जेसीबी तासावर धरायचा, हे ठरलं. फुलं किलोवर धरायची का हारावर, यात अर्धा दिवस गेला. उमेदवाराचे प्रतिनिधी आले, अतिशय सज्जन माणूस.

“मॅडम, तो हार साहेबांनी नाही आणलेला. कार्यकर्त्यांनी प्रेमाने आणलाय. तो आमच्या खर्चात कसा धरता?”

“भाऊ, मग त्या कार्यकर्त्यांकडे साहेबांचं लेखी पत्र आहे का?”

“पत्र कशाला लागतंय हाराला?”

लागतंय! मलाही आदल्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय कुणी त्याच्या प्रचारावर खर्च केला तर तो गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेत १७६व्या कलमात आहे. सवलत किती माहितीये? दहा रुपये! दहा रुपयांपर्यंतचा खर्च परवानगीशिवाय केला आणि दहा दिवसांत लेखी मंजुरी आणली तर चालतं. हे कलम १९२० सालचं, इंग्रजांच्या काळातलं. नव्या संहितेत दंड पाचशे रुपयांवरून दहा हजारांपर्यंत वाढला, पण ते दहा रुपये तसेच राहिले! शंभर वर्षं! मी ते कलम त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचलं, आणि मग दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. हार खर्चात धरला गेला.

आता घरात शोधा, गेल्या निवडणुकीचं एखादं पत्रक जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात नक्की सापडेल. सापडलं? खाली बघा. अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता असायला हवा. त्याच १९५१च्या कायद्यात तसं कलम आहे, १२७ अ. नाव-पत्ता नसलेलं पत्रक छापणं म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी इतकी वर्षं ती पत्रकं दारातून आली की डब्याखाली अंथरत होते. आता आधी खालची ओळ वाचते!

एवढं सगळं झाल्यावर मला वाटायला लागलं होतं की काय सुंदर जाळं विणलंय हे, एक खुर्ची सुटत नाही यातून. आणि मग मी खर्च निरीक्षकांना विचारलं, “सर, पक्षाची वही कुणाकडे असते?” ते म्हणाले, पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं! नाही. उमेदवाराला ४० लाख, पक्षाला वाटेल तेवढे. पक्षाने विधानसभेनंतर ७५ दिवसांत आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत खर्चाचं विवरण आयोगाकडे द्यायचं, बस्. मान्यताप्राप्त पक्षाचे ४० पर्यंत स्टार प्रचारक असू शकतात, त्यांचा प्रवास उमेदवाराच्या खर्चात धरत नाहीत. हेलिकॉप्टर उतरलं, नेता उतरला, खर्च पक्षाचा. पण त्याच हेलिकॉप्टरमधून उमेदवार उतरला, की प्रवासाचा निम्मा खर्च उमेदवाराच्या वहीत! नेत्याने व्यासपीठावर उमेदवाराला शेजारी उभं केलं, की सभेचा वाटा उमेदवाराच्या वहीत! म्हणून मी आता टीव्हीवर हेलिकॉप्टर दिसलं की भाषण ऐकत नाही, आधी दारातून कोण कोण उतरतंय ते मोजते.

आणि ही फट मुळात बुजवली गेली होती! १९७४ सालच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या सदर मतदारसंघाच्या खटल्यात, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला, सांगितलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला आणि उमेदवाराने जाणूनबुजून फायदा घेतलेला खर्च उमेदवाराचाच धरायचा. आणि मग त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला आणि तो खर्च पुन्हा बाहेर काढला. त्याच महिन्यात! माझ्या एका बिलाला मंजुरी यायला याहून जास्त दिवस लागतात. हे वाचलं तेव्हा मी खरंच रागावले. अजून रागावलेलीच आहे. खुर्च्यांना कुलूप लावून भिंत मोकळी ठेवण्यासारखं आहे हे.

पण रागाने झोप जाते आणि झोप गेली की माणूस वाचत सुटतो. मी पुढचे कित्येक दिवस रात्री वाचत सुटले. पक्षांना देणगी द्यायचे निवडणूक रोखे २०१८मध्ये आले, हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंतचे, देणाऱ्याचं नाव मतदाराला कधीच कळणार नाही असे. आणि १५ फेब्रुवारी २०२४ला पाच न्यायाधीशांनी एकमताने ती योजना घटनाबाह्य ठरवली, आणि महिनाभरात आयोगाने नावांच्या याद्या संकेतस्थळावर टाकल्या. हे मी बातम्यांमध्ये ऐकलं होतं. पण निकालाचं कारण पहिल्यांदाच नीट वाचलं: मतदाराला माहितीचा हक्क आहे. माझ्या शॅडो रजिस्टरचंही कारण तेच आहे ना!

आणि मग मी लॉबिंगपाशी पोचले. म्हणजे निवडणूक झाल्यावर, धोरण ठरताना, मंत्र्यांच्या केबिनमध्ये कोण कुणाची बाजू मांडायला जातं ते. डिसेंबर २०१२मध्ये आपल्या संसदेत गदारोळ झाला होता, आठवतंय? वॉलमार्टने भारतातल्या किरकोळ बाजाराच्या विषयावर लॉबिंग केल्याचा. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची समिती नेमली. पण आपल्याला हे कळलं कुठून? अमेरिकेतून! तिथल्या कायद्याप्रमाणे कंपनीला दर तिमाहीला लिहून द्यावं लागतं की कोणत्या विषयावर, किती पैसे खर्चून बाजू मांडली. कंपनीने ते तिथल्या कागदावर लिहिलं होतं, म्हणून आपल्याला इथे कळलं! आपल्याकडे असा कागद मागणारा कायदाच नाही. नाहीच!

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स राज्यात तर देणग्यांचे हिशेब आणि लॉबी करणाऱ्यांची नोंदवही एकाच निवडणूक आयोगाकडे असते. हे नियम कसे असावेत याचा विचार करणारे धोरण अधिकारी तिथे पगारी नोकरीत असतात. दिवसभर हेच काम! तिथले मुख्यमंत्री बॅरी ओफॅरल यांना २०१४मध्ये चौकशी आयोगापुढे एका महागड्या वाइनच्या बाटलीबद्दल विचारलं. १९५९ सालची बाटली. त्यांनी सांगितलं, अशी भेट मिळाली नाही. आणि मग त्यांच्याच हस्ताक्षरातली आभाराची चिठ्ठी पुढे आली. राजीनामा! मुद्दाम दिशाभूल केल्याचा ठपका त्यांच्यावर नंतरही आला नाही, पण पद गेलं ते गेलंच. एक चिठ्ठी! रात्री दीड वाजता मी ते वाचलं आणि पुन्हा माझ्या ४५० खुर्च्या आठवल्या.

आता त्या रुपयाकडे येते. मघापासून धीर धरलाय!

निकाल लागला २३ नोव्हेंबरला. निकालानंतर २६व्या दिवशी सगळ्या उमेदवारांना बोलावून आमची वही आणि त्यांची वही यांचा मेळ घालायची बैठक असते, ती झाली. हिशेब दाखल झाले. सूचनाफलकावर कागद लागला: अमुक उमेदवाराने अमुक दिवशी हिशेब दिला, अमुक ठिकाणी, अमुक वेळेत बघता येईल. मी तो फलक रोज ओलांडत होते आणि एकदाही वाचला नव्हता. एका दुपारी एक आजोबा आले. टोपी, कापडी पिशवी, निवृत्त शिक्षक असावेत असं बोलण्यावरून वाटलं. टेबलावर रुपयाचं नाणं ठेवलं.

“ही पाहणीची फी. हिशेब बघायचाय.”

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. कसली फी? आजोबा शांतपणे म्हणाले, “नियम ८८ काढा, बाई.”

काढला. १९६१चे निवडणुकीचे नियम, ८८वा. कोणतीही व्यक्ती, एक रुपया फी, हिशेब पाहायचा हक्क. आयोगाने ठरवलेली फी भरली की साक्षांकित प्रतसुद्धा! मी इतके दिवस त्या कक्षात बसले होते, दरपत्रक पाठ झालं होतं, १९२०चं कलम लोकांना वाचून दाखवत होते, आणि हा नियम माझ्या समोरच्या पुस्तकात होता!

“कुणाचा बघायचाय, आजोबा?”

“ज्याला मत दिलं त्याचा. दुसऱ्याचा कशाला बघू?”

फाईल दिली. ते पानं उलटत उलटत बरोबर त्या शाळेच्या मैदानातल्या सभेपाशी थांबले. पांढऱ्या पानावर बोट ठेवलं.

“या सभेला मी होतो. माझी खुर्ची धरलीय का, ते बघतोय.”

माझ्या तोंडून शब्द फुटेना! मी सांगितलं त्यांना, आजोबा, आधी तीनशे लिहिल्या होत्या, मी मोजल्या, बोट लावून, दिवाळीत. आता साडेचारशे आहेत. त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. म्हणाले, “बरोबर असणार. मी मागून दुसऱ्या ओळीत होतो.”

आणि मग त्यांनी एका रुपयाची पावती मागितली, आम्ही ती हाताने लिहून दिली, आणि घडी घालून ती पिशवीत ठेवून ते गेले. मी त्या फाईलकडे किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. साडेचारशेपैकी एक खुर्ची कुणाची होती ते मला आता माहीत आहे!

तर मग येताय ना? पुढची निवडणूक होऊ द्या. निकालाची तारीख लिहून ठेवा, तिच्यात ३० दिवस मिळवा, आणि जिल्हा निवडणूक कार्यालयाचा सूचनाफलक वाचा. तुम्ही ज्या सभेला गेला होतात ती सभा शोधा. तुमच्या दारात आलेलं पत्रक, तुमच्या गल्लीतली रिक्षा, तुम्ही प्यायलेला चहा शोधा. कुणी विचारलं तर नियम ८८ सांगा. रुपया सुटा न्या, आणि पावती मागून घ्या!